वॉटर्लू: शिपायांनी लिहिलेल्यावर किती विश्वास ठेवायचा?

शिलेदार७७: वॉटर्लूच्या लढाईवर (18 जून 1815, नेपोलियनचे फ्रेंच विरुद्ध वेलिंग्टनचे इंग्रज आणि दोस्त) ढिगाने पुस्तकं आहेत, पण माझं ऐकाल तर ते नकाशे नि बाण ठेवा बाजूला आणि तिथे उभ्या असलेल्यांचं वाचा. इंग्रजांच्या 51 व्या पलटणीतला व्हीलर, साधा शिपाई, थोड्याच दिवसांत घरी पत्र लिहितो की आदल्या रात्री धो धो पाऊस, शत्रू जवळ म्हणून ब्लँकेट काढायचं नाही, चिखलात आडवं होता येईना म्हणून सॅकवर बसून रात्र काढली, बाह्यांतून पाणी वाहतंय, आणि समाधान काय तर पलीकडचे फ्रेंचही असेच भिजतायत! कुठल्या जनरलच्या रिपोर्टमधे मिळेल हे?

तोफखाना: भिजल्याचं ठीक आहे हो, पण लढाईचं काय? धुरात शेजारची पलटण दिसायची मारामार. नेपोलियनची गार्ड, म्हणजे त्याची खास निवडक फौज, शेवटी कोणी मोडली, इंग्रजांकडच्या मेटलँडच्या गार्ड्सनी की कोलबर्नच्या 52 व्या पलटणीने, यावर हजर असलेलेच वर्षानुवर्षं भांडले. सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने रणभूमीचं मॉडेल करायला 1830 नंतर पत्रं धाडून विचारलं, संध्याकाळी सातला समोर काय होतं, शेतात पीक कुठलं होतं. उत्तरांचा मेळ बसेना. तेही अधिकाऱ्यांनाच विचारलं, शिपायाला कोण विचारतो.

माईंची_लेक: ग्रोनो वाचलाय का, वॉटर्लूला लढलेला इंग्रज अधिकारी? स्क्वेअरच्या (घोडदळ अडवायला पायदळाने बांधलेल्या चौकोनाच्या) आत धुराने जीव घुसमटतोय, जखमीवर पाय न देता हलता येत नाही, फ्रेंचांच्या चिलखतांवर गोळ्या म्हणजे काचेवर गारा. झोप उडाली माझी.

तोफखाना: ताई, ते 1862 साली छापलंय. 47 वर्षांत किती मेजवान्यांत सांगून झालं असेल, गारा तिथेच कुठेतरी पडल्या असणार.

शिलेदार७७: म्हणून खोटं का? इंग्रज तोफखान्याच्या मर्सरनेही नंतरच लिहून काढलं, पण तोफा सोडून स्क्वेअरमधे या हा वेलिंग्टनचा हुकूम का मोडला ते सांगतो ना, शेजारची ब्रुन्सविकची (दोस्त जर्मन फौजेतली) कोवळी पोरं याला पळताना बघून उधळली असती म्हणून. नकाशात दिसतं का हे?

तोफखाना: आणि गोष्टीचा हिरो कोण? मर्सरच!

जालनेकर: आमच्याकडे असईला 23 सप्टेंबर 1803 ला शिंद्यांशी लढला तो हाच वेलिंग्टन, तेव्हाचा वेलस्ली. त्याच्याकडचा अधिकारी कॅम्पबेल लिहून गेलाय की साहेबाचा घोडा पडला तरी डोकं थंड. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच मेले, त्यांच्याकडचं एक अक्षर मला सापडलं नाही. वेलस्लीच्या मद्रासी शिपायांचंही नाही. खरं खोटं नंतर बघू राव, आधी लिहिलेलं तर हवं.

शिलेदार७७: अहो पण व्हीलर शिपाईच होता की!

तोफखाना: एक व्हीलर. बाकीचे हजारो?