मदत हवी आहे: वेबसाइट अपंगस्नेही करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. आमचा तिघांचा छोटा व्यवसाय, विक्री सगळी वेबसाइटवरूनच. युरोपातही थोडे ग्राहक आहेत. तिथला सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय. सेवा देणाऱ्या, दहापेक्षा कमी माणसं आणि वार्षिक उलाढाल २० लाख युरोपर्यंत असलेल्या व्यवसायांना त्यातून सूट आहे, म्हणजे आम्ही कदाचित सुटलो. पण परवा मोबाइलचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय) सुरू करून, डोळे मिटून आमच्याच साइटवर खरेदी करायला बसलो. प्रत्येक फोटोला तो 'आयएमजी ४७३२' म्हणतो आणि पैसे भरायच्या बटणाला नुसतं 'बटण'. लाज वाटली हो!

फोटोंची वर्णनं लिहायला घेतलीत. फिकट करडी अक्षरंही गडद करतोय (डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो). खरी अडचण पुढे आहे. तारीख निवडायचं कॅलेंडर माउसशिवाय उघडतच नाही, टॅब दाबत राहिलं तरी ते ओलांडून पुढे जातं. आणि पैसे भरायचं पान तर दुसऱ्याच कंपनीचं, तिथे माझा हात पोहोचत नाही. मग तिथल्या त्रुटींची जबाबदारी कोणाची?

एक जण म्हणतो, एका ओळीचा कोड टाका, कोपऱ्यात सुगम्यतेचं विजेट (अक्षरं मोठी करणं वगैरे सोयींचं छोटं बटण) येईल, कायद्याचं काम झालं. मला हे काही पटत नाही. मूळ कोडमध्ये बटणाला नावच नसेल तर वरून मलमपट्टी करून काय होणार? कुणी वापरलंय का असं काही?

कीबोर्डवर नीट चालणारं कॅलेंडर माहीत असेल तर तेही सुचवा.