कथा मधेच ढेपाळते, वाचणाऱ्याला कळत नाही ती नक्की कोणाची

नवी_दौत:
साधारण ३००० शब्दांची कथा आहे. मुलगी बऱ्याच वर्षांनी वडिलांकडे येते, घर विकायचं का यावर दोघांचं बिनसतं. वाचणाऱ्यांचं म्हणणं, संवाद नाटकी वाटतात आणि मधला भाग रेंगाळतो. एक तुकडा देत आहे:

“मीनल दारात उभी राहिली. वडील आपल्यावर रागावले आहेत हे तिला जाणवलं. वडिलांना मात्र तिची दया येत होती. ‘तुला तर माहीतच आहे मीनल, तुझी आई गेल्यापासून गेली सहा वर्षं मी या घरात एकटाच राहतो,’ ते खिन्नपणे उद्गारले.”

नेमकं काय चुकतंय?

समासातली_टीप:
दुसऱ्या वाक्यात आपण मीनलच्या मनात आहोत, तिसऱ्यात वडिलांच्या. दोन्ही मनं एकदम उघडी केल्यावर वाचकाला शोधायला काही उरत नाही. गैरसमज हाच या प्रसंगाचा जीव आहे आणि तो पहिल्या तीन ओळींतच संपतो.

प्रत्येक प्रसंगासाठी एकच मन निवडा. ज्याला त्या प्रसंगात काही ठरवायचं आहे किंवा ज्याचं जास्त काही पणाला लागलं आहे, त्याचं. इथे मीनल धरली, तर वडिलांची दया तिला दिसेल अशा कृतीत यायला हवी, आणि त्या कृतीचा तिने चुकीचा अर्थ लावायला हवा:

“मीनल दारातच थांबली. वडिलांनी मान वर केली नाही. समोरची खुर्ची तेवढी पायाने मागे सरकवली.”

मीनलला राग दिसतो, वाचकाला बसायची खूण दिसते. ‘तिला जाणवलं’, ‘तिच्या लक्षात आलं’ ही शेपटंही आपोआप गळतात. पूर्ण कथेची छापील प्रत काढा आणि मीनलच्या मनातली वाक्यं एका रंगाने, वडिलांची दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. एकाच परिच्छेदात दोन रंग आले की तिथे काम आहे.

खोडरबर:
संवादाबद्दल. ‘तुला तर माहीतच आहे’ हे ज्याला माहीत आहे त्याला कोणी सांगत नाही. ते वाक्य वाचकाला उद्देशून आहे, म्हणून नाटकी वाटतं. माहिती द्यायचीच असेल तर ती कुरबुरीतून गळू द्या:

“‘आईचा चष्मा अजून इथंच?’
‘मग कुठं ठेवू?’”

आई नाही, वडील अडकून पडलेत आणि मुलीला ते खटकतंय, हे सगळं दोन ओळींत आलं. ‘सहा वर्षं’ इथे लागतच नाही, पुढे कुठेतरी येईल. ‘उद्गारले’च्या जागी ‘म्हणाले’ पुरे, आणि ओळ नीट उतरली की ‘खिन्नपणे’ची गरज नाही.

मीनल वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणते की ‘अरे बाबा’, हे पहिल्याच संवादात ठरवून टाका. मग भांडणाच्या ऐन भरात ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरली, तर त्या एका सर्वनामातून जे कळेल ते अर्ध्या पानाच्या वर्णनातूनही कळणार नाही. मात्र चुकून आधीच दोनदा घसरली असेल, तर तो परिणाम वाया गेला.

आडवी_रेघ:
मधला भाग रेंगाळतो त्याचं कारण बहुधा प्रसंगांच्या जोडणीत असतं. प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा: कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, शेवटी काय बदललं. मग दोन ओळींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघा. फक्त ‘आणि मग’ बसत असेल, तर तो प्रसंग काढा नाहीतर शेजारच्यात मिसळा. ३००० शब्दांत चार ते सहा प्रसंग पुष्कळ होतात. ही यादी पहिला खर्डा पूर्ण झाल्यावरच करा. आधी केली तर पात्रं यादीबरहुकूम वागू लागतात.

नवी_दौत:
रंगांचं आजच करते. पण शेवटाकडे वडिलांचं मन दाखवणं भाग आहे. तेव्हा काय करू?

समासातली_टीप:
प्रसंग संपवा, एक ओळ मोकळी सोडा आणि नव्या प्रसंगाच्या पहिल्याच वाक्यात वडिलांना कर्ता करा. फक्त हा बदल शेवटी अचानक पहिल्यांदाच आला, तर तो सोयीसाठी केल्यासारखा वाटेल. म्हणून कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच वडिलांच्या मनातला एखादा छोटा प्रसंग घाला, १५०-२०० शब्दांचा. घराबद्दलचा त्यांचा निर्णय तिथे उघड करू नका.