एनपीएसमध्ये वरचे ५० हजार भरायचे का? आणि सरकारच्या १४ टक्क्यांवर टॅक्स कसा काय?

फोंडा_शटल:
नमस्कार मंडळी. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, पोस्टिंग पणजीला, रोज फोंड्याहून शटलने येऊन जाऊन. २००९ ला लागले म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस, म्हणजे पगारातून १०% कापून आणि सरकारचे १४% घालून साठवत जायची ती पेन्शन योजना. बेसिक ५६,९००. जानेवारी संपत आला की हापिसात गुंतवणुकीच्या पावत्या गोळा करायची धावपळ सुरू होते तशी आत्ता चालू आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत एक एजंट येऊन बसतो तो सगळ्यांना सांगतोय की एनपीएसमध्ये स्वतःचे अजून ५० हजार भरा, १५ हजार टॅक्स सरळ वाचला म्हणून समजा. आमच्या सेक्शनमधल्या दोघींनी भरले पण. मी टॅक्सच्या न्यू रिजीममध्ये आहे (दर कमी, पण बहुतेक सुटी नाहीत ती), मला फायदा होईल का? चवथीनंतर एक आरडी मोडली त्याचे पैसे बँकेत पडून आहेत म्हणून विचारतेय.

दुसरं म्हणजे हापिसाने जो टॅक्सचा कागद दिलाय त्यात ८२ हजार टॅक्स दाखवलाय!! बारा लाखापर्यंत टॅक्स नाही ना आता? क्लार्क म्हणतो सरकारचे १४% पण तुमचंच उत्पन्न, त्यामुळे वाढला. हातात न आलेल्या पैशावर टॅक्स कसा? फेब्रुवारीच्या पगारातून मोठा कापणार म्हणतायत.

मांडवीकाठ:
५० हजार भरू नकोस ताई. म्हणजे म्हातारपणासाठी भरायचे तर भर, टॅक्ससाठी नको. ती जी वेगळी ५० हजारांची सूट आहे, ८० सीसीडी वन-बी, ती फक्त जुन्या रिजीमला. न्यू रिजीममध्ये ८०सी (पीपीएफ, एलआयसी वगैरेची दीड लाखाची सूट) नाही, वन-बी पण नाही. एजंट ते सांगणार नाही, त्याला खातं उघडून हवं.

आणि १५ हजार हा आकडा पण ३०% स्लॅबवाल्याचा.

बेतकीचा_बाबू:
न्यू रिजीममध्ये एनपीएसची कसलीच सूट नाही, सगळं बंद केलंय त्यांनी. १४% वर पण टॅक्स लागणार. मी तरी आशा सोडली 😀

आकडेमोड:
बाबू, चुकीचं सांगू नका हो, लोक वाचून तसंच करतात. स्वतःच्या १०% ची सूट न्यू रिजीममध्ये जाते हे बरोबर. पण सरकार जे १४% भरतं, बेसिक अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या), त्याची सूट ८० सीसीडी टू खाली आहे आणि ती दोन्ही रिजीममध्ये मिळते. केंद्राचा वाटा १ एप्रिल २०१९ पासून १० चा १४ झाला.

ताई, ते १४% आधी पगारात धरतात हेही खरं, क्लार्क खोटं बोलत नाही. पण धरायचं आणि मग खाली वजा करायचं अशी दोन पावलं आहेत त्याची. त्या कागदावर खाली ८० सीसीडी टू ची ओळ आहे का बघा आणि ग्रॉस किती, स्टँडर्ड डिडक्शन किती तेवढे आकडे इथे टाका. नाव, पॅन, प्रान (एनपीएसचा खातेनंबर) काही टाकू नका.

फोंडा_शटल:
पगार, एचआरए वगैरे सगळं मिळून १२.५० लाख. त्याखाली एनपीएस सरकारी वाटा १.५१ लाख. एकूण १४.०१. स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार. करपात्र १३.२६. खाली वजावटी म्हणून एक चौकोन आहे, तो रिकामा.

आकडेमोड:
तोच रिकामा चौकोन तुम्हाला ८२ हजारांना पडतोय.

बघा, १३.२६ लाखावर चार लाखापर्यंत शून्य, चार ते आठ ५% म्हणजे २० हजार, आठ ते बारा १०% म्हणजे ४० हजार, वरच्या १.२६ लाखावर १५% म्हणजे १८,९००. झाले ७८,९००, वर ४% सेस, ८२,०५६. म्हणजे क्लार्कचं गणित बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. त्या चौकोनात १.५१ घातले की करपात्र ११.७५, बाराच्या आत, ८७ए चं रिबेट लागून टॅक्स शून्य.

तुमच्या बेसिकवर डीए ५८% धरला तर दोन्ही मिळून ८९,९०२, त्याचे १४% महिन्याला १२,५८६. पे-स्लिपशी जुळतंय का बघा.

जुन्या रिजीमचं पण करून पाहिलं. ८०सी पूर्ण दीड लाख, वरचे ५० हजार, मेडिक्लेम २५ हजार, एवढं सगळं घातलं तरी एक लाख अकरा हजाराच्या आसपास टॅक्स बसतो. घरकर्जाचं दोन लाख व्याज असलं तरी सत्तर हजार. तुमच्या पगाराला न्यूच.

पर्वरी_भाडेकरू:
मी अजून जुन्यात आहे कारण भाडं, कर्ज, आईवडिलांचा मेडिक्लेम सगळंच आहे आणि पगार जरा वरचा, दोन्हीकडून करून पाहिलं तर जुनं स्वस्त पडतं. माझ्यासारखे कोण असतील त्यांना एक सांगतो, जे मला पाच वर्षं कळलंच नव्हतं. वन-बी चे ५० हजार वेगळे भरायलाच पाहिजेत असं नाही. तुमचं ८०सी जर पीपीएफ, एलआयसी, मुलांची फी, कर्जाचं मुद्दल यानेच भरत असेल तर पगारातून जे १०% कापतात ना, त्यातलेच ५० हजार वन-बी मध्ये दाखवायचे. तोच पैसा दोन्हीकडे दाखवायचा नाही एवढंच. मी पाच वर्षं उगाच मार्चमध्ये ५० हजार जमवून भरत होतो, आणि ते आता साठीपर्यंत अडकले.

म्हापशेचा_पेन्शनर:
बाय, मी राज्य सरकारातून निवृत्त, २००५ च्या ऑगस्टच्या आधी लागलेला म्हणून जुनी पेन्शन आणि जीपीएफ. आमचं सोपं होतं. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतात ते) सगळं करमुक्त मिळालं, टॅक्स फक्त महिन्याच्या पेन्शनवर. तुम्हा लोकांना ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे आहेत, ते सरकारी नोकराला करमुक्तच, पण एनपीएसच्या जमा रकमेतले ६०% हातात करमुक्त आणि ४०% ची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक पेन्शन) घ्यावी लागते, आणि त्या ॲन्युइटीवर दरवर्षी टॅक्स. म्हणून वरचे पैसे तिथे घालताना विचार करा, शंभर घातले तर चाळीस परत हातात नाहीत. मी तर पोरीला पीपीएफ काढायला लावलं. व्याज ७.१% पण शेवटी सगळं आपलं.

मांडवीकाठ:
काका पीपीएफचं ठीक, पण पंधरा-सोळा वर्षं आहेत ताईंना, थोडं शेअरमध्ये असायला हवं. एनपीएसमध्येच डिफॉल्टला शेअर कमीच असतात, केंद्रवाल्यांना एलसी-५० (५०% पर्यंत शेअर असलेला पर्याय) घेता येतं, एकदा प्रानला लॉगिन करून बघा तुमचं काय आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी लागल्यापासून ते उघडलेलं नाही.

बेतकीचा_बाबू:
माझं चुकलं, सुधारतो. मग यूपीएस (एनपीएसऐवजी निवडता येणारी ती ठरावीक पेन्शनची योजना) घेतलेल्यांचं काय?

आकडेमोड:
टॅक्सची वागणूक एनपीएससारखीच ठेवलीय. फक्त तिथे सरकारचे तुमच्या खात्यात १०% येतात, ८.५% वेगळ्या पूलमध्ये. २५ वर्षं झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५०% पेन्शन. जे आधीपासून नोकरीत होते त्यांना पर्याय द्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे ज्यांनी दिला नाही ते एनपीएसमध्येच.

ताई, लेखी द्या हं. तोंडी सांगितलं तर "हो हो बघतो" होतं. आणि फेब्रुवारीत तरीही कापला तर घाबरू नका, रिटर्न भरताना ८० सीसीडी टू घालून रिफंड मागता येतो, फक्त पैसे तेवढे महिने अडकतात.

फोंडा_शटल:
पे-स्लिप जुळली, १२,५८६ च. अर्ज लिहिला, सोबत तुमचं गणित जसंच्या तसं जोडलंय. ५० हजारांचं अजून ठरवलं नाही, पण एजंटला नाही सांगितलं. तो म्हणे मॅडम, मग एक एलआयसी तरी घ्या.

अपडेट, बुधवार: क्लार्कने कागद बघितला, दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला अख्ख्या सेक्शनचं असंच झालंय. आता सगळ्यांचे कागद परत करायला बसलाय, आणि मी एकटी शटलला वेळेवर गेले तर तोंड वाकडं करतो.