शब्दचर्चा: डोंगरमाथ्यावरची ‘भिंत’ म्हणजे भित्ती, धार की पडका तट?

प्रश्न : धुळे-नंदुरबारकडे माळावरून, टेकाडांवरून सरळ रेषेत काळ्या दगडांची भिंत गेलेली दिसते. दगड आडवे, एकावर एक रचल्यासारखे, पाच-सहा बाजूंचे. तट म्हणावा तर जवळपास किल्ला नाही. नेमका शब्द कोणता? ‘धार’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद : शब्द ‘भित्ती’. बोलताना सगळे डाइकच म्हणतात. धार म्हणजे डोंगराचा अरुंद माथा. तो कशाचा बनलाय हे त्या शब्दात येत नाही. भित्ती म्हणजे उभ्या भेगेत घुसून तिथेच थिजलेला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक. तापीच्या खोऱ्यात त्यांची दाटी आहे आणि बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम जातात.

रचल्यासारखी का दिसते? थिजताना भेगा पडून तयार होणारे खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. लाव्हाचा थर वरून-खालून थंड होतो, म्हणून अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब उभे. भित्ती दोन्ही बाजूंनी थंड होते, म्हणून तिचे खांब आडवे. खात्रीसाठी कडेचा आणि मधला, असे दोन ताजे तुकडे फोडून दहापट भिंगाखाली धरा. कडेचा दगड बारीक कणांचा, कधी काचेसारखा. मधला जाडसर, त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या. बांधलेल्या तटात असा फरक पडत नाही, शिवाय चुना किंवा छिन्नीचे घाव कुठेतरी सापडतातच. बाहेरचा गंजलेला पापुद्रा पाहून मात्र काहीच ठरवू नका.

प्रतिसाद : पुरवणी. भित्ती नेहमी उभीच राहते असं नाही. शेजारच्या खडकापेक्षा ती लवकर झिजली तर तिच्या जागी सरळ चर पडतो. लोक त्याला घळ म्हणून मोकळे होतात. चराच्या दोन्ही टोकांना दगड तपासा.

आणि दिशा मोजताना होकायंत्र दगडावर टेकवू नका. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई ओढली जाते; वीज पडलेल्या माथ्यावर तर फारच. दहा-पंधरा पावलं लांब उभं राहून रोख धरा, मग दुसऱ्या टोकाकडून उलटा. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक आला नाही, तर वाचन टाकून द्या.

प्रश्न : तिथेच मुरमात तोफगोळ्यांसारखे दगड निघाले. नदीचे गोटे असतील का?

प्रतिसाद : गोटा वाहून आलेला असतो, हे जागेवरच घडलेत. पाणी सांध्यांतून, म्हणजे खडकातल्या भेगांतून शिरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला, कडेवर दोन, सपाट अंगावर एकच. कोपरे आधी जातात, मधला गाभा गोल उरतो. गोळ्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतील आणि ते मुरमात विरत गेलेले असतील, तर शंका नको. पुस्तकी शब्द ‘गोलाभ अपक्षय’. मला तरी ‘पापुद्री गोळे’ बरं वाटतं.

प्रश्न : तिथल्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे खडे आहेत. गारगोटीच ना?

प्रतिसाद : पांढरं दिसलं की गारगोटी, ही सवय सोडावी. अशा पोकळ्या भरलेल्या, ठिसूळ खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. आतला खडा काचेच्या बाटलीवर ओढा. ठसठशीत ओरखडा उठला तर गारगोटी. नाही उठला तर त्याची पूड करून लिंबाचा रस टाका : बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. दोन्ही नाही आणि मोत्यासारखी झाक किंवा सुयांचे झुबके दिसतात, तर बहुधा झिओलाइट, म्हणजे अशा पोकळ्यांत वाढणारं खनिज. अख्ख्या खड्यावर लिंबू पिळून उपयोग नाही, पूड हवीच.

प्रतिसाद : जाता जाता ‘नेढं’. हल्ली कुठल्याही कपारीला हा शब्द लावतात. नेढं म्हणजे आरपार भोक, राजगडाच्या सुवेळा माचीवर किंवा रतनगडाच्या माथ्यावर आहे तसं. पलीकडचं आभाळ दिसत नसेल तर ती कपार किंवा गुहा.