ग्लोव्हज घालून शीर नीट कळत नाही, शिवाय हाताला खाज येते : मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी फोंड्यातील एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचे काम करते. पूर्वी आमच्याकडे लॅटेक्सचे (नैसर्गिक रबराचे), पावडर लावलेले ग्लोव्हज येत. आता नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) येतात, तेही सर्वांना मिळून ‘मीडियम’ या एकाच मापाचे. माझा हात लहान असल्यामुळे बोटांच्या टोकाशी ग्लोव्ह सैल राहून त्याची चुणी पडते. तरुण माणसाची ठसठशीत शीर त्यातूनही कळते. परंतु वयस्कर रुग्णांची किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांची बारीक शीर चाचपताना बोटाखाली आधी ती चुणीच लागते. आमच्याकडील काही जण तर्जनीचे टोक सरळ फाडून टाकतात. त्यांचा हात सराईत आहे, हे मान्य. पण रक्त जेथे लागण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तेच बोट उघडे ठेवायचे, हे मला पटत नाही.

दुसरी अडचण पावसाळ्यातली. हवा इतकी दमट असते की ग्लोव्ह काढताना तो तळहाताला चिकटून उलटा होतो आणि बोटे पांढरी पडलेली असतात. हाताच्या पाठीवर व मनगटाशी खाजरे पुरळ येते, तेही दुसऱ्या दिवशी. नायट्राइलमध्ये लॅटेक्स नसताना ही ॲलर्जी कशाची? पुन्हा लॅटेक्सकडे वळावे का?

प्रतिसाद :

ताई, लॅटेक्स जास्त ताणले जाते, म्हणून बोटाला ते मऊ वाटते. पण तुमची खरी अडचण मापाची दिसते. आधी ‘स्मॉल’चा एक बॉक्स मागवून पाहा. मात्र अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसेल इतका घट्ट ग्लोव्हही नको, त्याने हात लवकर दुखतो.

लॅटेक्समधील प्रथिनांची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांतच गांध्या, शिंका किंवा धाप या रूपात दिसते. दुसऱ्या दिवशी उठणारे पुरळ हे रबर पक्के करण्यासाठी वापरलेल्या थायूरम, कार्बामेट यांसारख्या रसायनांमुळे असू शकते, आणि ती रसायने नायट्राइलमध्येही असतात. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्ट्या लावून ॲलर्जी कशाची ते पाहण्याची तपासणी) करून घ्या. अशी रसायने न वापरलेले ग्लोव्हजही मिळतात. तोवर सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय ग्लोव्ह चढवू नका, आणि संगणकावर नोंदी करताना तो काढून टाका. पावडरच्या ग्लोव्हजकडे मात्र परत जाऊ नका : ती पावडर लॅटेक्सची प्रथिने हवेत पसरवते, आणि अमेरिकेत तर जानेवारी 2017 पासून पावडरच्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदीच आहे.