धातू वाकतो, मीठ फुटतं

मुक्त, म्हणजे कुठल्याही एका अणूला बांधलेले नसलेल्या, इलेक्ट्रॉनांमुळे धातू वीज वाहून नेतात, हे नेहमी सांगितलं जातं. त्यात वर्धनीयतेची, म्हणजे ठोकून पातळ पत्रा होण्याच्या गुणाची, भर घालतो. मला धात्विक बंध (धातूचे अणू सामाईक इलेक्ट्रॉनांनी एकत्र धरले जाणं) तिथेच सर्वांत सुंदर वाटतो. मिठाच्या स्फटिकावर घाव बसला की आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) थर सरकतो, धन आयनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो, आणि प्रतिकर्षणाने स्फटिक फुटतो. धातूत थर सरकले तरी धनायनांभोवती तेच सामाईक इलेक्ट्रॉन असतात. बंध कुठल्या एका जोडीचा नसतोच, त्यामुळे तो टिकतो आणि सोन्याचा वर्ख होऊ शकतो. (अख्खा थर एकदम सरकत नाही बरं का, स्फटिकातल्या रेषीय दोषांच्या (अणूंची मांडणी बिघडलेल्या रेषांच्या) आधारे तो थोडाथोडा पुढे जातो.)

द्रवणांकाचं म्हणाल तर सामाईक इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका बंध मजबूत आणि द्रवणांक वरचा, असं वाटतं. सोडियम अणूमागे एक इलेक्ट्रॉन देतो आणि सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळतो. मॅग्नेशियम दोन देतो आणि ६५० ला वितळतो. पण ॲल्युमिनियम तीन देऊनही ६६० लाच वितळतं! तेव्हा नुसते इलेक्ट्रॉन मोजून भागत नाही.

आणि धातू तापवल्यावर त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते, ती इलेक्ट्रॉन कमी झाल्यामुळे नव्हे. धनायनांची कंपनं वाढून इलेक्ट्रॉन जास्त विखुरले जातात, म्हणून.