बीडीएसनंतर न्यायवैद्यक दंतशास्त्राकडे वळावे का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार. माझी इंटर्नशिप पुढच्या महिन्यात संपते आहे. घरी कोरडवाहू शेती असल्यामुळे खासगी महाविद्यालयातील एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) परवडणारे नाही. दातांवरून मृतदेहाची ओळख पटवणे आणि वय ठरवणे या कामाची मला मनापासून ओढ आहे. तालुक्यात दवाखाना चालवून हे काम शिकता येईल का?

उत्तर (मुखविकृतिशास्त्राचे अध्यापक, वर्धा)
गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात या विषयात एमएस्सी करता येते; मात्र केवळ त्या पदवीवर मिळणारी सरकारी पदे मोजकीच आहेत, म्हणून दवाखाना सोडू नका. वयनिश्चिती आधी शिका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार शाळेचा दाखला पहिला, तो नसल्यास ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी होते. डेमिर्जियन यांच्या १९७३ च्या पद्धतीत खालच्या जबड्यातील डावीकडचे सात दात ओपीजीवर (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) पाहतात, पण सोळाच्या आसपास हे दात पूर्ण वाढलेले असतात आणि पुढे अक्कलदाढेवरच भिस्त राहते. म्हणून अहवालात किमान ते कमाल वय लिहा, नेमके वय कधीच लिहू नका. समोरच्या मुलीचे अल्पवयीन असणे त्या एका ओळीवर ठरू शकते. चाव्याच्या खुणांवरून आरोपी ओळखण्याचे आकर्षण अनेकांना असते, परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने त्यामागचा शास्त्रीय आधार अपुरा ठरवला आहे.

उत्तर (दंतवैद्य, चिमूर)
काही वर्षांपूर्वी विहिरीत सापडलेल्या एका मृतदेहासाठी पोलीस हवालदार माझ्याकडे आले होते. बेपत्ता माणसाने माझ्याकडे दाढ भरून घेतली होती, एवढे घरच्यांना आठवत होते. मी रजिस्टर काढले, तर तारीख आणि पैशांपुढे नुसते ‘दाढ भरली’ असे लिहिलेले. कोणती, कोणत्या बाजूची, चांदी भरली की दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट, काहीच नाही. त्या कुटुंबाला डीएनएच्या अहवालाची वाट पाहावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी प्रत्येक नोंद ‘३६ (म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ), चघळण्याची बाजू, चांदी’ अशी करतो, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे डागही लिहितो आणि एक्स-रे जपून ठेवतो.

प्रश्नकर्ती
ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनाच्या वेळी थांबू देतील का?

उत्तर (अध्यापक, वर्धा)
वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. जळालेला देह असेल तर तो हलवण्याआधीच पुढच्या दातांचे फोटो काढावेत आणि त्यांवर केसांचा स्प्रे मारावा, कारण भाजलेले दात गाडीच्या हादऱ्यानेही भुगा होतात.